फाळक्यावरची पट्टी

पाचगणीच्या निवासी शाळेत संयोगिता चित्रकला शिकवायची. शाळेनं तिला राहायला दिलेल्या खोलीला पश्चिमेची मोठी खिडकी होती, आणि त्या खिडकीपायीच तिनं ती खोली मागून घेतली होती. तिच्या चित्रांना रंग कमी आणि उजेड जास्त लागायचा. ती चित्रं ब्रशनं काढलेली नसायचीच. फुटक्या आरशांचे तुकडे, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचा चंदेरी कागद, जुन्या सीड्या, विटलेल्या साडीची जर, असलं काय काय ती प्लायवर चिकटवायची. त्यात ना झाड, ना घर, ना माणूस. सकाळी बघावं तर सगळं राखेच्या रंगाचं दिसायचं. दुपारी एखाद्या कोपऱ्यात उजेड सांडायचा. संध्याकाळी ऊन आडवं झालं की तोच तुकडा पेटल्यासारखा दिसायचा आणि सूर्य डोंगराआड गेला की विझायचा. शाळेतल्या मुली विचारायच्या, "मॅडम, हे नक्की काय आहे?" ती म्हणायची, "जरा सरकून बघा, वेगळं दिसेल."

सांगलीतल्या एका कलादालनानं तिला जानेवारीत प्रदर्शन भरवायला बोलावलं होतं. बाकीची चित्रं तयार होती. समोरच्या मोठ्या भिंतीसाठी एक मोठं काम हवं होतं, आणि ते कशाचं करायचं हे तिच्या मनात केव्हाच ठरलं होतं. फक्त त्याला हात घालायचं धाडस होत नव्हतं.

चार वर्षांपूर्वी तिचा नवरा जयराज अपघातात गेला होता. तो फौजेत होता. सुट्टीवर आला, साताऱ्याकडच्या आपल्या गावी आईला भेटला, जेवला, आणि संयोगिताला आणायला मोटारसायकलवरून कडेगावाकडं निघाला. ती चुलतबहिणीच्या लग्नासाठी माहेरी आली होती. कारखान्यावर ऊस खाली करून परतणारी एक ट्रॉली चाक पंक्चर झालं म्हणून रस्त्यातच उभी होती. दिवेलागण होऊन अंधार पडला होता. जयराज मागून थेट त्या ट्रॉलीवर जाऊन आदळला. गाव समोर दिसत होतं, तिथनं हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

ती ट्रॉली संयोगिताच्या वडलांचीच, भाऊसोंची होती.

आपल्याच माणसांच्या ट्रॉलीवर आपला नवरा मेला, हे दुःख काही कमी नव्हतं. पण त्याहून वाईट गोष्ट दुसऱ्या दिवशी कळली. जयराजच्या पिशवीत रमच्या बाटल्या फुटलेल्या होत्या. अंगाला, कपड्यांना, रस्त्याला, सगळीकडं वास सुटला होता. ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर, म्हणजे मागची बाजू बंद करायच्या पत्र्यावर, लाल-पांढरी रेडियमची पट्टी इकडून तिकडं लावलेली होती, आणि सकाळी आलेल्या पोलिसांनीही पंचनाम्यात तसंच लिहिलं. गाडीच्या दिव्याचा उजेड पडल्यावर अशी पट्टी लांबून चमकते. तरीही त्याला ती दिसली नाही, याचा अर्थ लोकांनी लावायचा तोच लावला. फौजी दारू पिऊन गाडी चालवत होता. भाऊसो दहाव्याला आलेल्या माणसांना हळू आवाजात सांगत होते, "वाटंत घेतली असंल त्यानं. काय करायचं, आपलं नशीब."

संयोगितानंही तेच खरं धरलं. तेराव्याच्या दिवशी तिनं सासूला, राहीबाईला, सगळ्यांच्या देखत सुनावलं होतं, "तुमच्या लेकानं बाटलीपायी माझा संसार मोडला."  राहीबाई तिच्याकडं नुसती बघत राहिली होती. त्यानंतर संयोगिता पाचगणीला नोकरीला आली, आणि सासरच्या घरी गेली ती सणासुदीला, तासाभरापुरती, पाहुण्यासारखी. मेलेल्या माणसावर राग धरून जगणं तिच्या अंगवळणी पडलं होतं. आरशांचे तुकडे ती कापायची, ठोकायची, तेव्हा तो राग हातातून बाहेर पडायचा.

मोठ्या भिंतीवर तिला तोच फाळका हवा होता. जो चमकत होता आणि जयराजला दिसला नव्हता, तो.

*

दिवाळीच्या सुट्टीत ती माहेरी गेली. ती ट्रॉली अपघातानंतर परत रस्त्यावर आलीच नव्हती. गोठ्यामागं बाभळीखाली तिचा सांगाडा गंजत पडला होता. फाळका सुटा करून भिंतीला टेकवून ठेवला होता, तोंड भिंतीकडं करून.

सकाळी चहा घेताना तिनं विषय काढला. "आबा, त्या ट्रॉलीचा फाळका मी घेऊन जाते."

भाऊसोंनी बशी खाली ठेवली. सत्तरीला टेकलेला माणूस, पण पाठ अजून ताठ होती. सोसायटीत, देवळात, लग्नाच्या बैठकीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. "कशाला?"

"चित्राला."

"भंगारवाल्याला सांगून ठेवलंय ते. त्यो येणार हाय."

"त्याला बाकीचं देऊ की. मला एवढा एक पत्रा द्या."

"असल्या वस्तू घरात न्हेत न्हाईत, संयू. ज्यानं इपरीत झालं ते कशाला नजरंसमोर ठेवायचं." एवढं बोलून ते उठले आणि पायात चपला सरकवून उसाकडं निघून गेले.

आबांना आपल्या काळजीनंच तसं वाटतंय, असं तिला वाटलं. तिचा धाकटा भाऊ शिवतेज कारखान्यावर गेला होता. तिनं गावातला एक टेम्पोवाला बोलावला, दोन गड्यांकडून फाळका उचलून टेम्पोत घातला, त्यावर पोतं टाकलं आणि दुपारच्या आत कडेगाव सोडलं. वडलांना न सांगता घरातली वस्तू नेल्याचं थोडं वाईट वाटत होतं. पण पत्र्याचा एक तुकडा, त्याचं काय एवढं, असंही वाटत होतं.

पाचगणीला फाळका खोलीत घ्यायला दार काढावं लागलं. तिनं तो खिडकीसमोर आडवा टेकवला. मग बरेच दिवस तिनं त्याला हात लावला नाही. नुसती येता-जाता बघायची. पत्र्यावर धूळ आणि चिखल बसून तो एकाच मळकट रंगाचा झाला होता. मधोमध, हाताच्या पंज्याएवढा एक खड्डा पडला होता. तिथं पत्रा आत दबला होता आणि खालची कड चिरली होती. त्या खड्ड्याकडं ती बघायची टाळायची.

डिसेंबरात तिनं काम सुरू केलं. पट्टी आणि वरचा भाग ओल्या फडक्यानं पुसून त्यावर आरशाचे बारीक तुकडे बसवले. एका बाजूची रेडियम पट्टी सोलून तिचे त्रिकोण कापले आणि आरशांच्या मध्ये मध्ये लावले. दिवसा ती पट्टी साधी प्लॅस्टिकच्या चिंधीसारखी दिसते. तिच्यावर उजेड टाकावा लागतो, आणि उजेड टाकणाऱ्याच्या डोळ्यांनीच ती बघावी लागते. गाडीचा दिवा आणि चालवणाऱ्याची नजर एका रेषेत असते म्हणून त्याला ती चमकताना दिसते, बाजूला उभ्या असलेल्याला दिसत नाही. हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिच्या बऱ्याच चित्रांत ही गंमत होती.

एका संध्याकाळी ढग भरून आले होते आणि खोलीत लवकर अंधारलं. आपण लावलेले त्रिकोण कसे दिसतात ते बघावं म्हणून तिनं मोबाईलचा टॉर्च डोळ्याजवळ धरला आणि फाळक्यावर सोडला. त्रिकोण लखकन पेटले. ती समाधानानं हलकेच उजवीकडं सरकली. तिथं पट्टी अजून सोललेली नव्हती. तीही पेटली, सरळ, उजव्या टोकापर्यंत.

खड्ड्यावरनंही.

आधी तिला काय खटकलं ते तिच्या ध्यानातच आलं नाही. ती जवळ गेली. पट्टीवरची मधाच्या पोळ्यासारखी जाळी चमकत होती, आणि ती कुठंही तुटलेली नव्हती. पत्रा दबला होता, चिरला होता, पण पट्टीला ओरखडा नव्हता. ती खड्ड्याच्या आत उतरत होती आणि पलीकडच्या कडेनं वर येत होती. उतरताना तिला बारीक सुरकुत्या पडल्या होत्या. कुणीतरी अंगठ्यानं दाबून दाबून ती खड्ड्यात बसवली होती.

संयोगितानं दिवा लावला. खुर्ची ओढून समोर बसली. मग नखानं पट्टीचं टोक उचकटलं आणि एका दमात खड्ड्यावरची सगळी पट्टी सोलून काढली. तिच्याखाली पत्र्यावर निळ्या रंगाचे फराटे होते. जयराजच्या गाडीच्या हेडलाइटचं कव्हर निळं होतं. लग्नानंतर पहिल्या सुट्टीत त्यानं हौसेनं तो रंग मारून घेतला होता, आणि ती त्याला हसली होती. निळ्याच्या शेजारी एक तांबूस डाग होता. तो गंजाचा की दुसऱ्या कशाचा, ते तिनं बघितलं नाही.

म्हणजे तो आदळला तेव्हा तिथं पट्टी नव्हती. काळोखात उभी असलेली, दिवा नसलेली, पट्टी नसलेली ट्रॉली. त्याला दिसणार काय आणि कसं?

 मुलींच्या जेवणाची घंटा झाली, तिला ऐकू आली नाही. तिला रडू येत नव्हतं. चार वर्षं जी गोष्ट छातीशी धरून ती जगली होती ती कुणीतरी हातातून काढून घेतली होती, आणि हात रिकामे पडले होते.

*

शिवतेजला बोलवावं लागलं नाही, तो आलाच. फाळका गेल्याचं भाऊसोंच्या उशिरा ध्यानात आलं होतं, आणि त्यांनी त्याला तो परत आणायला पाठवलं होतं. येताना त्यानं गूळ आणि भुईमुगाच्या शेंगा आणल्या होत्या. शाळेच्या फाटकाबाहेर त्याची पिकअप उभी होती.

"आक्का, आबांनी ते न्यायला सांगितलंय," तो दारातच म्हणाला. मग त्याची नजर खिडकीजवळच्या फाळक्याकडं गेली. उघडा पडलेला खड्डा आणि निळे फराटे त्याला दिसले. पिशवी हातात तशीच राहिली.

"कुणी लावली पट्टी, शिवा?"

त्यानं पिशवी दाराशीच खाली ठेवली.

"तू लावलीस का आबांनी?"

"आबांनी सांगितलं. मी लावली." तो खाली बघत बोलत होता. "झुंजूमुंजू व्हायच्या आत लावली. पोलीस यायच्या आधी. कारखान्यानं हंगामाच्या सुरवातीला पट्ट्या वाटल्या हुत्या, त्या घरात तशाच पडल्या हुत्या. लावायच्या राहिल्या."

"राहिल्या."

"आक्का, तवा काय सुचत हुतं का आमाला? दाजी तर गेलंच हुतं. केस झाली असती. आबांना या वयात कोर्टाच्या पायऱ्या चढाय लागल्या असत्या. सगळ्या पंचक्रोशीत झालं असतं की भाऊसोनं जावायाला मारला."

"आणि ट्रॉली चालवणारा सिद्धू? तो बघत नव्हता?"

"त्येला त्याच दिशी जतला त्येच्या गावाला लावून दिला. म्हणलं, परत येऊ नको. त्यो मेंढ्या घिऊन कर्नाटकात गेला म्हणं. लय भ्याला हुता त्यो."

संयोगितानं खिडकी बंद केली. बाहेर मुली खेळत होत्या. "दारू पिऊन मेला म्हणून तुमी दहाव्याला लोकांना सांगितलंत. मी तिथंच बसले हुते. माझ्या तोंडाकडं बघून सांगितलंत."

"आमी कुठं सांगितलं? वास हुता. लोकच म्हणाली."

"लोक म्हणाली, आणि तुमी व्हय म्हणलात."

शिवतेज पलंगाच्या कडेला बसला. रुमालानं तोंड पुसलं. तो तिच्याहून लहान, पण त्या दिवशी ती त्याच्याकडं बघत होती तेव्हा तो तिला आबांएवढाच दिसला. "दे मला ते. मी तुझ्या पाया पडतो. भंगारात घालतो, मिटून जाईल."

"आबांना सांग, सांगलीला या. तिथं भिंतीवर बघायला मिळंल."

तो रिकाम्या हातानं गेला. शेंगांची पिशवी दाराशीच राहिली.

*

त्या रविवारी ती एसटीनं सासरी गेली. राहीबाई ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. सून आलेली बघून तिनं सूप बाजूला ठेवलं, पाण्याचा तांब्या भरून दिला आणि परत निवडायला बसली. संयोगितानं सगळं सांगितलं. पट्टी, खड्डा, निळा रंग, शिवतेज काय बोलला ते.  राहीबाईचा हात सुपात फिरत राहिला.

"त्या दिशी त्यो माझ्या समोर जेवला," राहीबाई शेवटी म्हणाली. "पिठलं-भाकरी. त्येच्या तोंडाला वास न्हवता. मी आई हाय, मला कळत न्हाई व्हय? त्या बाटल्या म्याच कागदात गुंडाळून पिशवीत ठेवल्या. फुटू नयेत म्हणून मधी टावेल घातला. मला म्हणला, आई, मामांसाठी हाईत. तुझ्या बाच्यासाठी हुत्या त्या."

संयोगिताच्या हातातला तांब्या खाली टेकला. फौजी जावई सुट्टीवर येताना कँटीनची रम आणतो, ती सासऱ्यासाठी, हे सगळ्या घरादाराला माहीत होतं. दरवेळी आबा ती कपाटात ठेवायचे. तिनं एकदाही तसा विचार केला नव्हता.

"हे तुमी तवा का बोलला नाहीत, आत्या?"

"बोलले की. दहाव्याला बोलले. आईचं कोण ऐकतंय? लेकाची बाजू घेणारच म्हणाली. तूबी तिथंच हुतीस." तिनं एक खडा उचलून लांब टाकला. "माजी सैनिकांच्या हालमधी या गावच्या सगळ्या गेलेल्या पोरांचं फोटू हाईत. त्याचा लावला न्हाई. पिऊन मेलेल्याचा फोटू कशाला, म्हणली. त्या रस्त्यानं मी जात न्हाई."

मग संयोगितानं प्रदर्शनाचं सांगितलं. फाळका सांगलीला भिंतीवर लावणार आहे, खड्ड्याच्या भोवती आरसे बसवलेत, लोक टॉर्च मारून बघतील, त्यांना खरं काय ते दिसेल.

राहीबाईचा हात पहिल्यांदा थांबला. "माझं लेकरू त्या पत्र्यावर मेलं. आन् तू त्येला आरसं लावून लोकांना बघाय ठेवणार?"

"आत्या, लोकांना कळायला नको का?"

"काय कळंल? पत्रा कळंल. चकाकतंय म्हणतील आन् जातील. तुझ्या तोंडानं तू सांगितल्याबिगर कुणाला काय कळणार न्हाई. आन् तोंड उघडायचंच हाय तर आरसं कशाला पायजेत?"

"तुमी याल का सांगलीला?"

"मी न्हाई यायची."

जेवायच्या वेळेला ती उठली तर राहीबाईनं तिला थांब म्हटलं नाही.

*

तरीही तिनं फाळका लावला. इतक्या दिवसांचं काम होतं, आणि खरं सांगायचं तर आपण केलेल्या कामावर तिचा राहीबाईच्या शब्दापेक्षा जास्त भरवसा होता. ज्या ओळीत पट्टी होती ती ओळ तिनं आरशांनी तशीच पुढं नेली होती आणि खड्ड्यापाशी तोडली होती. खड्डा उघडा ठेवला होता. सोललेली पट्टी त्याच्या खाली, सुरकुत्यांसकट, लोंबती सोडली होती. खालच्या पाटीवर चित्राला नाव दिलं नव्हतं.

उद्घाटनाला बरीच माणसं आली. एका कॉलेजातले प्राध्यापक बोलले, उजेड आणि नजर यांच्या नात्याविषयी बोलले, टाळ्या झाल्या. मग सगळे भिंतींकडं वळले. फाळक्यासमोर सगळ्यात जास्त गर्दी होती. कुणी मोबाईल डोळ्याशी धरून टॉर्च मारत होतं, कुणी फ्लॅश टाकून त्याच्यासमोर स्वतःचा फोटो काढत होतं. दर वेळी त्रिकोण पेटायचे आणि लोक अगदी खूश व्हायचे. "काय सुंदर पेटतं बघ," एक बाई नवऱ्याला म्हणाली. "आपल्या हॉलमध्ये असं एक पाहिजे." एकानं विचारलं, मधला खड्डा हातोड्यानं पाडला का. संयोगिता कोपऱ्यात उभी राहून ऐकत होती.  राहीबाई म्हणाली होती तसंच, शब्द न् शब्द, घडत होतं.

भाऊसो आले तेव्हा गर्दी थोडी विरळ झाली होती. पांढरं धोतर, पांढरी टोपी, हातात काठी. मागं शिवतेज. ते सरळ फाळक्यासमोर जाऊन उभे राहिले. शेजारी उभ्या असलेल्या एका कॉलेजच्या मुलीला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला दिसत नसेल. तिनं आपला मोबाईल त्यांच्या कानाजवळ धरला आणि टॉर्च लावला. "आजोबा, आता बघा."

लोंबती पट्टी लाल-पांढरी पेटली आणि वरचा खड्डा काळा राहिला. भाऊसो बघत राहिले. मुलीनं हात खाली घेतला तरी ते तिथंच बघत होते.

संयोगिता जवळ गेली. "आबा."

"झाकून टाक हे," ते हळू म्हणाले.

"कशानं झाकू? पट्टीनं?"

त्यांनी तिच्याकडं बघितलं. "संयू, त्यो गेला हुता. त्येला कायबी केलं तरी परत आणता येत न्हवतं. तू हुतीस, शिवा हुता. जित्या माणसांचं बघावं लागतं."

"मी हुते म्हणता. मग मला का न्हाई सांगितलंत? चार वर्सं मी त्याला शिव्या घातल्या. त्याच्या फोटोला हार घातला न्हाई मी."

भाऊसोंनी नजर परत खड्ड्याकडं वळवली. 

"त्या बाटल्या कुणासाठी आणल्या हुत्या त्यानं?"

शिवतेज पुढं आला. "आक्का, हितं नको. घरी चल, तिथं बोलू."

"मी आबांना विचारते. कुणासाठी हुत्या?"

आजूबाजूची माणसं आता बोलायची थांबली होती. भाऊसोंनी घसा साफ केला. जन्मभर बैठकीत बोललेला माणूस, त्यांचा आवाज आपोआप सगळ्यांना ऐकू जाईल असाच निघाला. "माझ्यासाठी."

मग संयोगिता लोकांकडं वळली आणि तिनं सांगितलं. हा पत्रा कुठला, त्यावर कोण मेलं, पट्टी केव्हा लावली, कुणी लावली. काही न सजवता सांगितलं, वर्गात हजेरी घ्यावी तसं. ज्या बाईला तसलं एक हॉलमध्ये हवं होतं तिनं पदर तोंडाशी धरला. प्राध्यापक चष्मा पुसत राहिले.  माणसं एकेक करून चपला घालून बाहेर पडली. लग्नाच्या घरी भांडण निघाल्यावर पाहुणे निघून जातात, तशी. भाऊसो शिवतेजच्या खांद्याला धरून जिना उतरले. तिच्याकडं त्यांनी वळून बघितलं नाही, आणि तीही त्यांच्यामागं गेली नाही.

*

पुढच्या आठवड्यात ती फाळका घेऊन कडेगावच्या पोलीस ठाण्यात गेली. तिथला अधिकारी तरुण होता, त्यानं तिला बसवून चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. बाहेर जाऊन फाळका बघून आला आणि जरा वेळ पेन फिरवत राहिला.

"मॅडम, खड्ड्यावरची पट्टी कुणी काढली?"

"मी."

"बाकीची कापली, हे आरसे लावले, ते?"

"मीच."

"पट्टी खड्ड्यावर अखंड होती याचा एखादा फोटो, व्हिडिओ? कुणी दुसऱ्यानं बघितलं होतं?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. त्या संध्याकाळी तिच्या हातात मोबाईल होता. तिनं त्याचा फक्त टॉर्च लावला होता.

"मग ती केव्हा लावलेली होती हे आता हा पत्रा सांगू शकत नाही," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. "तुमच्या भावानं जबाब दिला तर बघता येईल."

शिवतेजनं जबाब दिला. आपल्याला यातलं काही माहीत नाही, असा दिला. प्रदर्शनात आबा फक्त बाटल्यांचं बोलले होते, पट्टीचं नाही, आणि तेही त्यानं निक्षून सांगितलं. सिद्धूचा पत्ता लागला नाही. फाळका ठाण्याच्या मागं, पकडून आणलेल्या गाड्यांच्या ढिगाला टेकवून ठेवला. गावात भाऊसोंना रामराम घालणारी माणसं कमी झाली नाहीत. संयोगिताला माहेरच्या जमिनीत हिस्सा हवाय म्हणून तिनं हे काढलं, असं चार ठिकाणी बोललं गेलं. तिच्यासाठी त्या घराचं दार बंद झालं ते झालंच. गौरीला, दिवाळीला कुणाचा फोन आला नाही.

एक काम मात्र तिनं केलं. सासरच्या गावी माजी सैनिकांची बैठक होती, तिथं ती एकटी गेली. जवळ काही घेतलं नव्हतं, ना पत्रा, ना पट्टी. म्हातारे सुभेदार, हवालदार भिंतीला टेकून बसले होते. तिनं उभं राहून सांगितलं, आणि शेवटी हेही सांगितलं की तेराव्याला आपण जे बोललो ते खोटं होतं. त्याचा फोटो हॉलमध्ये लावा, असंही ती म्हणाली. मग एक सुभेदार म्हणाले, "पोलिसांनी काय ठरवलं?"

"काही नाही."

"मग आमी तुझ्या शब्दावर लावायचा फोटू?"

"माझ्या नका लावू. त्याच्या आईच्या शब्दावर लावा. त्या पहिल्यापासून हेच सांगत हुत्या."

फोटो लावला. सगळ्यांना ते पटलं असं नव्हे. दोघंतिघं उठून गेले. पण लावला.

त्या संध्याकाळी राहीबाईला घेऊन ती हॉलमध्ये गेली. राहीबाईनं फोटोकडं बघितलं, चेहऱ्यावरनं नाही, काचेच्या कडेवरनंच एकदा बोटं फिरवली आणि चल म्हणाली.  घरी येऊन तिनं चूल पेटवली, पीठ मळलं, भाकरी थापायला घेतली. संयोगिता उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसली होती. जावं की थांबावं, तिला कळत नव्हतं.

"आत्या, माझं चुकलं," ती म्हणाली.

राहीबाईनं भाकरी तव्यावर टाकली, वरनं पाण्याचा हात फिरवला. तिच्याकडं बघितलं नाही.

"चार वर्सं त्येच्या नावानं मी एकटी रडले," ती म्हणाली. "माझं आता सपलं. आता तू रड."

तिनं भाकरी उलटली आणि दुसऱ्या भाकरीचं पीठ हातात घेतलं.